जिद्द्यातली हिशेबाची वही

आमच्या नगरमध्ये (कागदोपत्री आता अहिल्यानगर, पण तोंडात नगरच बसलंय) बाहेरदेशी नोकरी करणारा माणूस सुट्टीवर आला की सलाम-दुआ झाल्यावर पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "पगार कित्ता है?" आकडा सांगितला की समोरचा मनातल्या मनात गुणाकार करतो आणि उत्तर त्याच्या चेहऱ्यावर उमटतं. "बचता कित्ता है?" असं फारसं कुणी विचारत नाही. विचारलं तरी खरं सांगायची आपल्यात पद्धत नाही.

मी २०१३ ते २०१९ अशी सहा वर्षं सौदी अरबस्तानात, जिद्द्यात राहिले. त्यातली पाच वर्षं तिथल्या एका भारतीय शाळेत मुलींना इंग्रजी शिकवलं. या सगळ्या काळाची हिशेबाची वही मी जपून ठेवली आहे. परदेशात शिकवायला जाऊ पाहणाऱ्या मुली आजकाल आपल्या घराघरांत आहेत, म्हणून त्या वहीतलं थोडं इथे मांडते. आकडे आमच्या घरचे आहेत. दुसऱ्या घरात ते वेगळे असतील, पण खर्चाच्या जागा त्याच असतात.

माझं शिक्षण एम.ए., बी.एड. मे २०१२ पासून राज्यात शिक्षकभरती थांबली होती. अनुदानित माध्यमिक शाळेत नशिबाने जागा मिळालीच असती, तरी पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून महिना ८,००० रुपये मानधन होतं. ते मिळालं नाही. मी मुकुंदनगरजवळच्या एका विनाअनुदानित इंग्रजी शाळेत ५,५०० रुपयांवर शिकवत होते. मुलांचे अब्बू २०१० पासून जिद्द्यात विजेच्या सामानाच्या एका कंपनीत हिशेबनीस होते. त्यांनी फॅमिली व्हिसा काढला आणि मी वर्षाच्या मुलाला घेऊन गेले.

पुढच्या वर्षी शाळेत लागले, पगार २,००० रियाल. रियाल तेव्हा सोळा रुपयांच्या आसपास होता, म्हणजे ३२,००० रुपये. नगरमध्ये अम्मीने ही बातमी कुणाकुणाला सांगितली ते मला माहीत आहे, कारण त्या आठवड्यात तीन नातेवाइकांचे फोन आले आणि तिघांनीही आपापल्या मुलीचं बी.एड. चालू असल्याचं आवर्जून सांगितलं.

इंग्रजी शिकवणारा माणूस आशियात कुठेही जाऊन भरपूर कमावतो असा एक समज आहे. त्यात भारतीय पासपोर्टची जागा कुठे आहे ते आधी पाहावं लागतं. चीनमध्ये किंवा कोरियात इंग्रजीचे शिक्षक घेताना अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया अशा मोजक्या देशांच्या नागरिकांना पुढे ठेवतात. व्हिसाचे नियमच तसे आहेत. आखाती देशांतही इंग्रजी माध्यमाच्या महागड्या आंतरराष्ट्रीय शाळा आहेत, तिथे गोऱ्या शिक्षकाला घर, विमानाचं तिकीट, मुलांची फी असं सगळं पगाराच्या वर मिळतं. आपल्यासारख्यांना काम मिळतं ते भारतीय मुलांच्या सीबीएसई शाळांत. तिथली फी भरणारेही आपल्यासारखेच नोकरदार, त्यामुळे फी फार वाढवता येत नाही आणि शिक्षकाचा पगारही वाढत नाही. शिवाय नवऱ्याच्या इकाम्यावर राहणाऱ्या बाईला शाळा कमी पगारात घेऊ शकते, कारण तिचं घरभाडं, व्हिसा, तिकीट काहीच शाळेला द्यावं लागत नाही. आमच्या शाळेत बहुतेक जणी अशाच होत्या. हैदराबाद, केरळ, लखनौ, आणि महाराष्ट्रातल्या आम्ही चौघी. उन्हाळ्याच्या दोन महिन्यांचा पगार आम्हाला नव्हता. वर्षाला दहाच पगार.

आम्ही अजीजिया भागात राहायचो. तिथे भारतीय-पाकिस्तानी वस्ती दाट, भारतीय शाळा जवळ. दोन खोल्या आणि हॉलचं जुनं घर, वर्षाला २२,००० रियाल भाडं. हे महिन्याला द्यायचं नसतं, सहा महिन्यांचं एकदम आगाऊ द्यावं लागायचं. त्यामुळे वर्षातले दोन महिने आमच्याकडे डाळ-भात जरा जास्त शिजायचा. पाण्याचा टँकर, त्याला तिकडे वायत म्हणतात, इमारतीच्या सगळ्यांनी मिळून मागवायचा. खाणं मात्र स्वस्त. खुब्सचं पाकीट एका रियालला मिळायचं, ते मी गेले तेव्हाही आणि परतले तेव्हाही. बासमती आपल्याकडूनच तिकडे जातो, गल्लीतल्या बकाल्यात कडीपत्त्यापर्यंत सगळं मिळतं. महाग पडायची ती ज्वारी. तिचं पीठ भारतीय दुकानात मिळे, पण भाव पाहून हात मागे यायचा. सासरे जामखेडकडची ज्वारी दळून पाच-पाच किलोच्या पिशव्या भरून देत. विमानातल्या सामानाचं निम्मं वजन पीठ, काळा मसाला आणि शेंगदाण्याची चटणी. कस्टमवाल्याने एकदा पिशवी उघडून बोट घालून पाहिलं आणि "सिमेंट?" असं विचारलं.

एक खर्च असा होता की तो वहीत कुठे लिहायचा हे कळायचं नाही. जिद्दा म्हणजे मक्क्याचं दार, जेमतेम ऐंशी किलोमीटर. नगरहून उमऱ्याला येणारा प्रत्येक ओळखीचा माणूस एक दिवस तरी आमच्याकडे यायचा. खालाच्या जाऊबाईचे भाऊसुद्धा आले. त्यांना आणायचं, जेवू घालायचं, बलदच्या बाजारात फिरवायचं, निघताना खजूर द्यायचा. एका पाहुण्यामागे तीनशे रियाल सहज जात. सुरुवातीला मी त्यासाठी 'मेहमान' असं एक पान काढलं होतं. मुलांच्या अब्बूंनी ते पाहिलं आणि म्हणाले, "हे पान बंद कर. अल्लाहच्या घरी आलेल्यांचा हिशेब आपण ठेवायचा नाही." मी पान बंद केलं. खर्च किराण्यात लिहू लागले, त्यामुळे रमजानच्या आसपास आमचा किराणा फार वाढलेला दिसतो.

आता रुपयाची गोष्ट. रियालचा भाव डॉलरशी बांधलेला आहे, १९८६ पासून एका डॉलरला ३.७५ रियाल. तो हलत नाही. हलतो तो रुपया, आणि बहुतेक वेळा खाली. माझा पगार पाच वर्षांत २,००० चा २,४०० झाला. म्हणजे वीस टक्के वाढ. पण नगरमध्ये बसून पाहणाऱ्याला तोच पगार ३२,००० चा ४४,००० झालेला दिसत होता. घरच्यांना वाटे, हिचं तर बरंच वाढलंय. तिकडे दूध, भाडं, शाळेची व्हॅन सगळं रियालमध्ये द्यायचं होतं. ज्या रियालचा रुपया केलाच नाही, त्याला रुपया घसरल्याचा फायदा शून्य. फायदा फक्त पाठवलेल्या रकमेला. म्हणून मी वहीत एक नियम ठेवला होता, पान संपेपर्यंत रुपया लिहायचाच नाही. आधी रियालमध्ये काय उरलं ते काढायचं, मग गुणाकार.

खरी शिल्लक वर्षातून एकदाच समोर यायची, रमजानमध्ये जकात काढताना. जकात पगारावर नसते. घर चालून, देणी भागून जे वर्षभर आपल्यापाशी पडून राहिलं आणि निसाबाच्या वर गेलं, त्याच्या अडीच टक्के. साडेसत्त्याऐंशी ग्रॅम सोनं किंवा सहाशे बारा ग्रॅम चांदी हा निसाब आपल्याकडे बहुतेक घरांत माहीत असतो. त्या रात्री आम्ही दोघं बसायचो. बँकेतले पैसे, माझे दागिने, कुणाला उसने दिलेले, नगरच्या एनआरई खात्यातली रक्कम असं सगळं एका कागदावर. पगाराच्या आकड्याने जे वर्षभर वाटत असे ते त्या कागदावर दिसायचं नाही. २०१५ चा कागद बरा होता. २०१६ मध्ये मुलगी झाली, तो कागद थोडा आखूड झाला. आणि २०१८ चा कागद पाहून आम्ही बराच वेळ काही बोललो नाही.

मधल्या काळात काय झालं होतं ते सांगते. २०१४ नंतर तेलाचे भाव पडले. सौदी सरकारने २०१६ मध्ये 'व्हिजन २०३०' ही योजना आणली आणि तेलाशिवाय उत्पन्न कुठून येईल ते शोधायला सुरुवात केली. १ जुलै २०१७ पासून बाहेरच्या नोकरदाराबरोबर राहणाऱ्या बायको-मुलांवर माणशी महिना १०० रियाल फी लागली. आपले लोक तिला साधं 'फॅमिली फी' म्हणत. ती दर जुलैला शंभराने वाढणार हे आधीच जाहीर होतं, २०१८ ला २००, २०१९ ला ३००, २०२० ला ४००. इकाम्याचं नूतनीकरण करताना ती आगाऊ भरायची, नाहीतर इकामाच पुढे सरकत नसे. आमच्या घरी मी आणि दोन मुलं, म्हणजे तीन डोकी. पहिल्या वर्षी ३,६००, मग ७,२००, मग १०,८००, मग १४,४००. पहिलीतल्या मुलालाही करता येईल असा पाढा.

त्यातच १ जानेवारी २०१८ उजाडली. त्या एका तारखेला पाच टक्के व्हॅट आला, साधं पेट्रोल ०.७५ वरून १.३७ रियाल लिटर झालं आणि विजेचा पहिल्या टप्प्यातला दर युनिटला ५ हलालांवरून १८ हलाले झाला. जिद्द्याच्या दमट उन्हाळ्यात रात्रंदिवस एसी लागतो, त्याला चैन म्हणता येत नाही. आमचे उन्हाळ्यात महिना १,२०० युनिट जायचे. पूर्वी त्याचे ६० रियाल होत, आता व्हॅट धरून २२७. पेट्रोल तरीही आपल्यापेक्षा कितीतरी स्वस्तच होतं, हेही खरं. नगरला हे सांगितलं की भाऊ हसायचा, "सत्तावीस रुपयांना लिटर मिळतं आणि रडता कशाला?" त्याचंही बरोबर होतं. पण पेट्रोल चाळीस लिटर लागतं, भाडं बावीस हजार असतं.

२०१८-१९ च्या शालेय वर्षाचं पान सगळ्यात स्वच्छ लिहिलेलं आहे, कारण ते आम्ही पुन्हा पुन्हा तपासलं. मुलांच्या अब्बूंचा पगार ५,५०० होता. त्यात भाडं, किराणा, वीज-पाणी, गाडी, मुलाची निम्मी फी (शिक्षिकेच्या मुलाला शाळा निम्मी सूट द्यायची) आणि नगरला अम्मी-अब्बांना जाणारे महिना हजार रियाल एवढं बसत असे. त्यांच्या पगारातून उरायचं ते आजारपण आणि ईद यांत जाई. म्हणजे घराची शिल्लक माझ्या पगारातून पडायची.

माझे दहा पगार, २४,०००. शाळेच्या व्हॅनचे महिना २५० प्रमाणे २,५००. मुलगी दोन वर्षांची, तिला इमारतीतल्या एका हैदराबादी खालांकडे ठेवायचे, महिना ५०० प्रमाणे ५,०००. तिघांची फॅमिली फी ७,२००. दोन वर्षांतून एकदा चौघांनी नगरला यायचं, त्या तिकिटांचे वर्षाला ३,०००. उरले ६,३००. इथे पान संपलं, आता गुणाकार करायला हरकत नाही, एक लाख सोळा हजार रुपये. महिन्याला साधारण ९,७००.

पान उलटून पुढच्या वर्षाचे आकडे मांडले. फी १०,८०० झाली की उरतात २,७००. २०२० च्या जुलैनंतर १४,४०० झाली की वजा ९००. म्हणजे सकाळी सहाला उठून, दोन मुलांचं आवरून, तीस-तीस मुलींच्या वह्या तपासून वर्षअखेर मी नऊशे रियाल तोट्यात. मुलगी केजीत गेली असती तर खालांचे पाचशे वाचले असते, पण तिची फी सुरू झाली असती आणि तिचा व्हॅनचा खर्चही.

खर्च कमी करण्याच्या सगळ्या वाटा आम्ही पाहिल्या. २४ जून २०१८ पासून बायकांना गाडी चालवायची परवानगी मिळाली. शाळेत त्या दिवशी पेढे नाहीत, पण बसबुसा आला होता. व्हॅनचे २,५०० वाचतील म्हणून मी चौकशी केली. शिकवणीची फीच माझ्या जवळजवळ एका महिन्याच्या पगाराएवढी होती, आणि घरात गाडी एकच, ती सकाळी हे घेऊन जात. लहान घर पाहिलं, त्यात वर्षाला चार हजार वाचत होते, पण ते शाळेपासून लांब. घरी शिकवण्या घेतल्या तर पैसे बरे मिळतात, पुष्कळ जणी घेतही. पण परवान्याशिवाय ते करायला ह्यांचा सक्त नकार होता. इकामा त्यांचा, धोका त्यांना.

मग दुसरा कागद मांडला. मी मुलांना घेऊन नगरला जायचं, त्यांनी तिथेच राहायचं. शरफियात चौघांच्या खोलीत एक बेड महिना ३५० ला मिळत होता. खाणं, फोन, सगळं धरून त्यांचा खर्च १,५००. फॅमिली फी शून्य. महिन्याला चार हजार रियाल नगरला येणार, म्हणजे सत्तर हजारांच्या वर. नगरला घर सासऱ्यांचं, भाडं नाही. मला पुन्हा शाळेत लागता येईल, १२,००० पर्यंत मिळतील असं मैत्रिणीने सांगितलं होतं.

दोन कागद शेजारी शेजारी ठेवले तर निर्णय लहान मुलानेही घेतला असता. आम्हाला पाच महिने लागले. ह्यांचं म्हणणं, पैसा नंतरही येईल, मुलं परत लहान होणार नाहीत, नऊशेच तर रियाल कमी पडतायत, मी ओव्हरटाइम करीन. माझं म्हणणं असं की आपण इथे बचतीसाठी आलो, उमऱ्याला आलेल्या पाहुण्यासारखे राहायला नाही. अम्मी-अब्बा सत्तरीला आले, नगरच्या घराचं छत गळतंय, आणि शिल्लक शून्यावर गेल्यावर एखाद्या दिवशी कंपनीने 'बस' म्हटलं तर चौघं काय घेऊन परतणार? माझ्या बाजूने बोलताना मला आनंद होत होता असं नाही. आमच्या इमारतीत त्या वर्षी दर शुक्रवारी कुणाचं ना कुणाचं सामान विकायला निघायचं. फ्रिज, पाळणा, सोफा. शाळेतल्या एका वर्गात वर्षभरात पटावरची इतकी नावं खोडली गेली की मी नवीन हजेरीपट मागवला. आमचा पाळणा एका सुदानी जोडप्याने घेतला. त्यांनी भाव केला नाही, म्हणून मी त्यांना गादी तशीच दिली.

जून २०१९ मध्ये आमच्या तिघांचा खुरूज निहाई, म्हणजे कायमचं परत जाण्याचा शिक्का, झाला आणि आम्ही नगरला आलो.

इथला खर्चही वहीत आहे. दोन मुलांची फी महिना ४,०००, रिक्षा १,२००. आणि मराठीची शिकवणी ६००. ही मी धरली नव्हती असं नाही, पण तिची किंमत पैशात कमी होती. मुलगा सात वर्षांचा, इंग्रजी फाडफाड, हिंदी बरी, उर्दू घरात ऐकलेली. मराठीत त्याला 'ळ' म्हणता येईना. गल्लीतली मुलं त्याला "सौदी" म्हणत. २०२० मध्ये राज्याने सगळ्या शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदा केला, तोवर त्याची गाडी रुळावर आली होती. आता आठवीत आहे आणि माझ्या मराठीतल्या चुका काढतो. हा लेख त्यानेच तपासला आहे.

ह्यांचा हिशेब ठरल्याप्रमाणे चालला नाही. डिसेंबर २०१९ मध्ये ते महिनाभर येऊन गेले. मार्चमध्ये विमानं बंद झाली. १ जुलै २०२० ला तिकडे व्हॅट पाचचा थेट पंधरा टक्के झाला. २०२१ मध्ये भारतातून थेट सौदीला परतता येत नव्हतं. तिसऱ्या देशात चौदा दिवस राहून जावं लागे आणि त्याचा खर्च लाखाच्या वर होता. आले तर नोकरी जायची भीती, म्हणून आले नाहीत. मुलीने त्यांना दोन वर्षं फोनमध्येच पाहिलं. २०२२ च्या जानेवारीत ते दारात उभे राहिले तेव्हा ती माझ्या मागे लपली आणि तिथूनच तिने त्यांना सलाम केला. २०२१ च्या अखेरीपासून जिद्द्यातल्या घुलैल, पेट्रोमिनसारख्या जुन्या वस्त्या पाडायला सुरुवात झाली, तिथली माणसं उरलेल्या भागांत आली आणि भाडी चढली. ह्यांचा साडेतीनशेचा बेड आता सहाशेचा आहे.

पैशाच्या बाजूने पाहिलं तर कागद खरा ठरला. छत दुरुस्त झालं, वर दोन खोल्या चढल्या, अब्बांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आणि जकातीचा कागद परत लांब झाला. ह्यांना तो फोनवर वाचून दाखवते. ते ऐकून घेतात आणि विचारतात, "बरं, आज जेवायला काय केलंस?"

मी आता नगरच्या एका इंग्रजी शाळेत आहे. गेल्या वर्षी आमच्या स्टाफरूममधल्या एका तरुण शिक्षिकेला मस्कतच्या शाळेचा प्रस्ताव आला, महिना ३०० ओमानी रियाल. ओमानचा रियाल मोठा, एकाचे सव्वादोनशे रुपयांच्या आसपास, म्हणजे पासष्ट हजारांच्या वर. तिच्या घरात मिठाई वाटून झाली होती. तिने मला विचारलं तेव्हा मी जाऊ नको म्हटलं नाही. मीच गेले होते, आणि त्या पैशाने माझं घर उभं आहे. मी तिला काही गोष्टी एजंटला लेखी विचारायला सांगितल्या. घर शाळा देते की घरभाडं, आणि घर असेल तर खोलीत किती जणी? उन्हाळ्याचा पगार पूर्ण, निम्मा की नाहीच? तिकीट दरवर्षी की दोन वर्षांनी? इकामा, व्हिसा, विमा यांचे पैसे कोण भरणार? नोकरी सोडताना मिळणारी रक्कम कशावर मोजणार, पूर्ण पगारावर की मूळ पगारावर? आणि लग्न झाल्यावर नवऱ्याला किंवा मुलांना आणायचं म्हटलं तर त्या देशाचा नियम काय? ओमानात फॅमिली फीसारखी गोष्ट नाही, पण २०२१ पासून पाच टक्के व्हॅट तिथेही आहे. कुवेत आणि कतारमध्ये तो अजून नाही. देश बदलला की हिशेब बदलतो, म्हणून दुसऱ्याच्या खालाच्या अनुभवावर जाऊ नये, माझ्याही नाही.

एजंटचं उत्तर चार दिवसांनी आलं. खोलीत तिघी, उन्हाळ्याचा पगार निम्मा, तिकीट दोन वर्षांनी. तिने मधल्या सुट्टीत माझ्याकडून कागद घेतला आणि रुपये न लिहिता हिशेब केला. महिना १८० रियाल उरत होते. मला तो आकडा वाईट वाटला नाही. ती गेली. तिच्या अम्मीला मात्र माझा राग आला होता, मिठाई वाटल्यावर कुणी असले प्रश्न विचारतं का, म्हणून.

आमच्या घरात सध्या वेगळाच कागद चालू आहे. सौदीच्या कामगार कायद्यात नोकरी संपताना पहिल्या पाच वर्षांसाठी वर्षाला अर्धा पगार आणि पुढच्या प्रत्येक वर्षासाठी पूर्ण एक पगार मिळतो. राजीनामा दिला तरी दहा वर्षं झालेल्याला पूर्ण रक्कम मिळते. ह्यांना पंधरा वर्षं झाली. अडीच आणि दहा, साडेबारा पगार. त्यांचा पगार आता ६,२००, म्हणजे ७७,५०० रियाल. आणखी एक वर्ष थांबले तर ८३,७००. मुलगा म्हणतो, दहावीच्या वर्षी अब्बू इथे पाहिजेत, गणित त्यांनीच घ्यावं. मुलगी म्हणते, याच ईदला. हे म्हणतात, दोघांचं ऐकू, पण आधी वही बघू. वही मी अजून उघडून दाखवलेली नाही. रमजानपर्यंत वेळ आहे.